आधी विचारा, मग पाठवा

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते कुणी हात न लावता उघडतात आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत पडू लागतं. कोल्हापूरकरांना यात नवल वाटत नाही. चांगला पाऊस झाला की हे होणारच. पण हीच बातमी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाईपर्यंत दरवाजे ‘तुटलेले’ असतात, आणखी दोन हात पुढे गेली की धरणच ‘फुटतं’. मग नदीकाठच्या एखाद्या गावात रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि शहाणीसुरती माणसं भर पावसात, गोठ्यातली जनावरं सोडायचं भान न राहता, घराबाहेर पडतात. फोन करणाऱ्याचा हेतू वाईट मुळीच नसतो. उलट काळजीपोटीच तो करतो, आणि त्यामुळेच त्याला आवरणं अवघड जातं.

ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांना सल्ला देण्याचा माझा विचार नाही. त्यांना काय करायचं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. लांब राहणाऱ्या, टीव्ही बघून जीव तळमळणाऱ्या आणि हातात मोबाइल असणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हे आहे. आपण तिकडे सामान पाठवतो, इकडूनतिकडून आलेले व्हिडिओ पाठवतो आणि मतं तर पाठवतोच पाठवतो. या सगळ्याला मी एकच कसोटी लावतो. हे तिथे कुणी मागितलं आहे का, आणि चुकलं तर त्याची जबाबदारी कोण घेणार आहे?

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण घबराट बहुतेक वेळा आकड्यांतूनच पसरते. ‘कोयनेतून पन्नास हजार क्युसेक सोडले’ हे ऐकायला भयंकर वाटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. साधारण 11 हजार 574 क्युसेक विसर्ग सलग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी होतं. म्हणजे पन्नास हजारांच्या विसर्गाने दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या आसपास पाणी बाहेर पडतं. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी आहे. विसर्ग वाढवला म्हणजे धरण धोक्यात आलं असं नाही. बऱ्याचदा ते धोक्यात येऊ नये म्हणूनच तो वाढवलेला असतो. खालच्या गावांना त्रास होतो हे खरं, पण तो मोजायचा तर नदीची पातळी बघावी लागते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथे 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी 40 आणि 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. एवढे चार-पाच आकडे माहीत असले की ग्रुपवर आलेल्या मेसेजची किंमत लगेच कळते. ज्या मेसेजमध्ये फूट नाही, ठिकाण नाही, तारीख आणि वेळ नाही, तो पुढे पाठवायचा नाही. खात्री करायचीच असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आहे. दुसऱ्या जिल्ह्यातून फोन करत असाल तर त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावा, नाहीतर ठाण्यात बसून सांगलीची चौकशी ठाण्याच्याच कक्षाकडे कराल. आणि चौकशीसाठी तिथे वारंवार फोन करू नका. ती लाइन अडकलेल्या माणसांसाठी आहे.

ग्रुपच्या अॅडमिनने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘मला आलं म्हणून पुढे पाठवलं’ हा काही बचाव नव्हे.

व्हिडिओची गोष्ट निराळी. तो डोळ्यांना दिसतो म्हणून खरा वाटतो. पूल वाहून जातानाचं एकच दृश्य चिपळूणचं, महाडचं, उत्तराखंडचं आणि केरळचं म्हणून वर्षानुवर्षं फिरत राहतं. शोधाशोध करण्याआधी तो नुसता नीट बघा. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच आहे का? एसटी दिसत असेल तर ती आपली लाल बस आहे की शेजारच्या राज्याची? लोकांच्या अंगावर पावसाचे कपडे आहेत की स्वेटर? मागे कुणी बोलत असेल तर कुठली भाषा, कुठली बोली? चिपळूणच्या बाजारपेठेत उभा असलेला माणूस वऱ्हाडीत ओरडत असेल तर काहीतरी गडबड आहे. एवढ्यावर भागलं नाही तर त्यातली एक चौकट गूगल लेन्सला दाखवा. जुनं दृश्य असेल तर बऱ्याचदा तिथेच पकडलं जातं. आणि खरं निघालं तरी थांबा. त्यात एखाद्याचं प्रेत असेल, कमरेइतक्या पाण्यात अंगावरचं लुगडं सावरणारी बाई असेल, तर ते खरं असूनही पुढे पाठवण्यासारखं नसतं.

इथे पत्रकारांचा विषय येतो आणि त्यावर जरा सविस्तर बोलावं लागेल.

माळीण गाव 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गेलं. ही गोष्ट बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर त्याला गावच दिसेना. त्याने मागे फिरून कळवलं. मला विचाराल तर आपत्तीतली आदर्श बातमी ती हीच. जे दिसलं तेवढंच, जिथे सांगायला हवं तिथे, ताबडतोब. त्यानंतर तिथे कॅमेरे पोचले. त्यातले काही फार चांगलं काम करून गेले, आणि काहींनी ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसासमोर माइक धरून ‘आत्ता तुमच्या भावना काय आहेत’ असंही विचारलं असणार, कारण प्रत्येक दुर्घटनेत ते विचारलं जातं. 2013 च्या उत्तराखंडच्या पुरात एका वार्ताहराने पूरग्रस्ताच्या खांद्यावर बसून वार्तांकन केलं. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि त्याची नोकरी गेली. 2015 च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला, तेव्हा आपल्या वाहिन्यांच्या वागण्याला कंटाळून ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ अशा अर्थाचा हॅशटॅग तिथल्या लोकांनी चालवला. मदतीला सर्वांत आधी धावून जाणाऱ्या देशाच्या वाट्याला हे यावं, यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा होता.

हे वाचून ‘मीडियाच विकली गेली आहे’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि इर्शाळवाडीला आपण काय केलं? 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. वर जायला धड रस्ता नाही, चिखलातून डोंगर चढून जायचं, जेसीबी पोचणार नाही, म्हणून जवान आणि ट्रेकर पोरं घमेली-फावडी घेऊन वर गेली. अशा पायवाटेवर नुसतं ‘बघायला’ आलेला एक माणूस म्हणजे स्ट्रेचर खाली आणणाऱ्यांच्या वाटेतला एक अडथळा असतो. गर्दी रोखायला तिथे जमावबंदी लावावी लागली. शोधकार्य थांबवलं तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती.

तेव्हा तुम्ही स्वतः घटनास्थळी असाल, मग पत्रकार म्हणून असा की गावकरी म्हणून, तर हे पथ्य पाळा. चेहरा दिसेल असा फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नका. आणि विचारायचं म्हणजे हातात मदतीचं पाकीट धरून विचारायचं नाही, कारण तेव्हा ‘नको’ म्हणायची त्याला सोय नसते. मृताचं नाव घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याखेरीज लिहू नका. आईबाप गमावलेल्या मुलाचा चेहरा, नाव, शाळा, गावाचा पत्ता काहीच दाखवू नका. बालन्याय कायद्याच्या कलम 74 ने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही मनाई वृत्तपत्राला आहे, वाहिनीला आहे आणि तुमच्या फेसबुकलाही आहे. ‘या चिमुकलीला कुणी दत्तक घेईल का’ असा फोटोसकट फिरणारा मेसेज तर दुहेरी गुन्ह्याच्या वाटेवरचा असतो, कारण दत्तक देण्याची प्रक्रिया कायद्याने ठरलेली आहे आणि ती व्हॉट्सअॅपवर होत नाही. असं मूल दिसलं तर 1098 वर कळवा आणि गप्प बसा.

वाहिनीचं वागणं खटकलं तर तक्रार करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आठवड्याच्या आत लिहा. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं काय खटकलं तेवढंच. 2021 च्या नियमांप्रमाणे वाहिनीने पंधरा दिवसांत निकाल द्यायला हवा. समाधान झालं नाही तर वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे वर जाता येतं. छापील वृत्तपत्रासाठी प्रेस कौन्सिल आहे. ती कानउघाडणी करू शकते, शिक्षा करू शकत नाही, हे खरं. तरी संपादकाला नाव-गावासकट आलेलं एक पत्र शंभर शिव्यांपेक्षा जास्त बोचतं.

आता सामान. सगळ्यांत जास्त नासाडी इथेच होते.

2004 च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. कोळ्यांच्या वस्तीत कोट, लोकरीचे स्वेटर, फाटके झगे. ‘गूंज’ या संस्थेने ते ढीग उचलून, निवडून, त्यांतून वापरायच्या वस्तू करायला घेतल्या. पुढे तिचे संस्थापक अंशु गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण मात्र अजून कपाट आवरायची संधी म्हणून पुराकडे बघतो. शाळेच्या एका वर्गखोलीत असलं गाठोडं सोडलं की काय निघतं? उसवलेला ब्लाऊज, नाडी नसलेले परकर, एकच चप्पल, लग्नातली जरीची पण कसर लागलेली साडी, दहा वर्षांपूर्वीच्या कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट. ते निवडायला गावातली दहा माणसं दोन दिवस अडकतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा गुडघाभर चिखल असतो.

पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात लागतं ते वेगळंच असतं. खराटे, फावडी, घमेली, रबरी हातमोजे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल. विहिरी आणि तळघरं उपसायला पंप, आणि पंप चालवायला डिझेल. वायरिंग तपासून देणारे इलेक्ट्रिशियन. सॅनिटरी नॅपकिन, बाळांचे लंगोट, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांचं पथक. स्वतःच्या अकलेने गोळ्या वाटणं नव्हे. आणि जनावरं! दुभती म्हैस वाचवली पण तिच्यापुढे टाकायला काही नाही, ही अवस्था टीव्हीवर फारशी दिसत नाही. कोल्हापुरात वैरण, मराठवाड्यात कडबा, दोन्हीकडे पेंड आणि मुरघास. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदी धाराशिव-सोलापूरच्या पट्ट्यात पसरली तेव्हा घराइतकाच गोठा उघडा पडला होता. शहरातल्या मंडळाने बिस्किटांऐवजी चाऱ्याचा एक ट्रक भरला असता, तर वर्गणी तेवढीच लागली असती.

तर ट्रक भरण्याआधी फोन करा. सरपंचाला, ग्रामसेवकाला, शाळेच्या मुख्याध्यापकांना, महिला बचत गटाच्या अध्यक्षांना. एकालाच नाही, दोघांना तरी करा आणि दोघांची यादी ताडून बघा. बचत गटाच्या बाईंना मी सगळ्यांत वर ठेवेन. कुणाच्या घरात किती माणसं, कोण बाळंतीण, कुणाचं रेशनकार्ड वाहून गेलं, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि पुढाऱ्याला खूश ठेवण्याची त्यांना तेवढी गरज नसते. रस्ता विचारा. 2019 ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी होतं आणि ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस अडकून पडल्या होत्या. शिवाय हमरस्त्यालगतच्या गावाला सगळेच गाठतात. पाच किलोमीटर आतल्या वाडीवर कुणी जात नाही. तुम्ही तिथे जा. सामान उतरवताना बॅनर लावू नका. त्याच 2019 च्या पुरात धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या छायाचित्रांचे स्टिकर लावले गेले आणि केवढी नाचक्की झाली ती महाराष्ट्राने पाहिली. पण सोसायटीचं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं किंवा ज्ञातिमंडळाचं फ्लेक्सही त्याच जातीचं असतं. घेणाऱ्याच्या हाताचा फोटो देणाऱ्याला हिशेबासाठी हवा असेल तर सामानाचा फोटो काढा, पावतीवर सही घ्या. माणसाचा कशाला?

बऱ्याच वेळा पैसे हीच सर्वांत चांगली मदत असते, कारण त्या पैशांतून माल जवळच्या बाजारात घेतला जातो आणि तिथला बुडालेला दुकानदारही उभा राहतो. फक्त खातं कुणाचं ते बघा. मुख्यमंत्री साहाय्यता निधीच्या नावाने खोटे क्यूआर कोड फिरतात. कोड स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते वाचूनच पुढे जा, आणि शक्यतो निधीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच रक्कम भरा. संस्था असेल तर धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि 80जी मागा. जुन्या करप्रणालीत मुख्यमंत्री निधीच्या देणगीवर पूर्ण वजावट मिळते. दोन हजारांच्या वरची रोख देणगी आणि वस्तूरूपातली मदत यांवर मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी पैसे पाठवायचे ठरवले तर एक अडचण ध्यानात घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही परदेशी देणगी मानली जात नाही. पण अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड असलं तरी, मानली जाते. परदेशी देणगी कायद्याखाली परवानगी नसलेल्या गावच्या मंडळाने ती घेतली तर मंडळच गोत्यात येतं.

आणि सगळे पैसे पहिल्या महिन्यात संपवू नका. निम्म्याहून जास्त मागे ठेवा. दिवाळीनंतर कॅमेरे गेलेले असतात, तेव्हा मुलांची फी, दुसऱ्या पेरणीचं बियाणं, विम्याच्या कागदांसाठी तालुक्याच्या चकरा हे सगळं सुरू होतं. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1200 मुलांना पुण्याला आणलं आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या वर्षी ट्रक भरून गेलेल्या चादरींची आठवण आज कुणाला असेल? त्या मुलांची आहे.

उरलं मत. मत द्यावंच, आपत्तीचं राजकारण करू नका असं म्हणणारे बहुधा सत्तेत असतात. फक्त वेळ आणि तयारी बघावी. सांगलीत पाणी शिरलं की दुसऱ्या मिनिटाला अलमट्टीचं नाव निघतं. 519.6 मीटरपर्यंत पाणी साठवणारं कर्नाटकातलं हे धरण आणि ते 524.256 मीटरपर्यंत वाढवायची त्यांची मागणी, यावर काळजी वाटणं रास्त आहे. पण 2019 च्या पुराचा अभ्यास करायला महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तुमचंही वेगळं मत असू शकतं, पण अहवाल न वाचता असू नये. पूररेषेत आपलाच बंगला असेल तर जास्तच वाचावा.

सरकारी पॅकेजचंही तसंच. ऑक्टोबर 2025 मध्ये अतिवृष्टीसाठी 31 हजार 628 कोटींची घोषणा झाली. असा आकडा ऐकला की वाहवा किंवा टीका करण्याआधी तो फोडून बघा. रोख किती, रोजगार हमीतून व्हायचं काम किती, विम्याकडून येईल असं धरलेलं किती, आधीच चालू असलेल्या योजनांचं किती? खरडून गेलेल्या जमिनीला रोख रक्कम वेगळी आणि रोजगार हमीतून मिळायची मदत वेगळी; दुसरी मिळायची तर कामाचा प्रस्ताव, मंजुरी, मजूर सगळं आलं. 33 टक्क्यांहून कमी नुकसान असलेलं पीक निकषातच बसत नाही, म्हणून पंचनाम्यात लिहिलेला एक आकडा घराचं वर्ष ठरवतो. शहरात बसून ‘शेतकऱ्यांना फुकट मिळतं’ किंवा ‘काहीच मिळालं नाही’ असं लिहिणाऱ्या दोघांनीही हा पंचनाम्याचा कागद क्वचितच पाहिलेला असतो.

तुमचं गाव त्या भागात असेल तर तोच कागद मिळवायला मदत करा. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लागते; तिचा फोटो गावातल्या कुणाकडून मागवा, आपल्या वाडीतली नावं ताडून बघा, वाटेकरी आणि भूमिहीन मजूर सुटलेत का ते विचारा. सुटले असतील तर तहसीलदारांना अर्ज लिहून द्या. मराठीत, एका पानात, गट नंबर आणि नुकसानीच्या तारखेसह. दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या.